दंड भरीन, विमा घेणार नाही

"रक्त कधीपासून जातंय?" डॉक्टरने विचारलं.

डेल्मर रॅटलिफने डॉक्टरकडे पाहिलं नाही, आणि बायकोकडे तर मुळीच नाही. भिंतीवर आतड्यांचं रंगीत चित्र टांगलं होतं, त्याच्यावर नजर लावून तो म्हणाला, "त्या मोठ्या बर्फापासून."

शेजारच्या खुर्चीत नीवा मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिने पर्सचे बंद घट्ट धरले. मोठा बर्फ पडला फेब्रुवारीच्या मध्यात. चार दिवस डोंगरावरचे रस्ते बंद होते, शाळा बंद होती, आणि हा बाबा रोज सकाळी न्हाणीघरात अर्धा अर्धा तास बसायचा. तिने विचारलं तर म्हणायचा, पेपर वाचतोय. आता एप्रिलची वीस तारीख उलटली होती. विमा घ्यायची मुदत संपली मार्चच्या एकतीसला. म्हणजे मुदत संपायच्या आधी पुरते सहा आठवडे याला ठाऊक होतं.

डॉक्टर सांगत होता ते तिने कसंबसं ऐकलं. आतड्यात गाठ आहे. मोठी आहे, पण बाहेर पसरलेली दिसत नाही. काढली तर माणूस वाचेल असं मानायला हरकत नाही, पण जून उलटू देऊ नका. बाहेर काउंटरवरच्या बाईने फॉर्म पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "विमा कुठला?"

"नाही," नीवा म्हणाली.

बाईने मान वर केली.

गाडी नीवानेच चालवली. गावापर्यंत पाऊण तासाचा रस्ता, सगळा वळणांचा. पहिल्या दहा मैलांत ती एक शब्द बोलली नाही, कारण बोलायला तोंड उघडलं असतं तर गाडी खड्ड्यात गेली असती. मग पेट्रोल पंपापाशी तिने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तुला माहीत होतं."

"मूळव्याध असेल असं वाटलं."

"मूळव्याध! मग मला का नाही सांगितलंस? मूळव्याधीची लाज वाटायला तू काय नवरीमुलगी आहेस?"

"अगं, सांगून काय झालं असतं?"

"नर्स ट्रीसाकडे जाऊन सही केली असती! दहा मिनिटांचं काम होतं, डेल्मर. बारा वर्षं त्या कंपन्या आपल्याला नाही म्हणाल्या. माझ्या छातीत गाठ निघाली, ती साधी निघाली, तरी तीन कंपन्यांनी दार लावलं. जन्मात पहिल्यांदा ते हो म्हणाले, तर तू नाही म्हणालास."

डेल्मर खिडकीबाहेर बघत राहिला. "सगळ्यांसमोर बोललो होतो," तो हळूच म्हणाला. "बोललो होतो, नीवा. मग तीन महिन्यांनी शेपूट घालून जाऊ?"

नीवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो बोलला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत ती स्वतः होती.

ते झालं नोव्हेंबरात. गावच्या बंबघरात रॉइस कायझरने सभा बोलावली होती. रॉइस म्हणजे राज्याच्या पोलिसातून निवृत्त झालेला माणूस, अंगाने दाराएवढा, आवाज त्याहून मोठा. बंबघराचा अध्यक्ष तोच, आणि आगीचा बंब चालवणारे सगळे फुकट राबणारे गावकरी, त्यांतला डेल्मर सर्वांत जुना. नवा कायदा आला होता: अमेरिकेतल्या प्रत्येकाने आजारपणाचा विमा घ्यायचा, नाही घेतला तर दंड. कायदा समजावून द्यायला धर्मादाय दवाखान्यातली नर्स ट्रीसा आली होती. पोर गावातलीच. शाळेच्या खानावळीत नीवाने तिला बारा वर्षं जेवण वाढलं होतं.

ट्रीसाने बिचारीने फळ्यावर चित्रं काढली. विमा फक्त आजारी माणसांनीच घेतला तर कंपनी बुडेल, म्हणून धडधाकट माणसांनीही घ्यायला हवा. आणि धडधाकट माणूस आपणहून घेत नाही, म्हणून सक्ती. त्याच्या बदल्यात कंपनीला आता कुणालाही नाही म्हणता येणार नाही, मग तुम्हाला कसलाही आजार असो.

"कसलाही?" मागून रॉइसने विचारलं.

"कसलाही."

"मग सोप्पंय की! आधी आजारी पडायचं, मग विमा घ्यायचा!"

बंबघर हसून हसून फुटलं. ट्रीसा सांगत होती की तसं चालत नाही, घ्यायच्या तारखा ठरलेल्या आहेत, त्या गेल्या की पुढच्या वर्षापर्यंत दार बंद. पण त्या हसण्यात तिचं ऐकतो कोण? रॉइसला लोक डोक्यावर घेत होते. "आज विमा घ्या म्हणतात," तो ओरडला, "उद्या म्हणतील रोज कोबी खा, नाहीतर दंड!"

मग डेल्मर उठला. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस. गॅरेजमध्ये गाड्यांच्या पोटाखाली जन्म गेलेला. त्या दिवशी मात्र टोपी हातात घेऊन तो असा बोलला की नीवाला त्याचा अभिमान वाटला.

"ट्रीसा, पोरी, तुझ्यावर राग नाही. गाडीचा विमा मी घेतो. का? तर गाडी चालवायची की नाही ते मी ठरवतो. नाही चालवली तर नाही घ्यायचा. पण हा विमा कशासाठी? मी श्वास घेतो म्हणून! जिवंत राहण्याचं लायसन घ्यायला सांगतात मला. माझा बाप खाणीत गेला, त्याला कुणी विचारलं नाही. मी कुणाचं खात नाही, कुणाला मागत नाही. दंड भरीन, विमा घेणार नाही!"

टेबलं बडवली लोकांनी. नीवाने हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. तिचं स्वतःचंही एक दुखणं होतं ना! त्याच कायद्यात लिहिलं होतं की आठवड्याला तीस तास काम करणाऱ्याला मालकाने विमा द्यायचा. शिक्षण खात्याने काय करावं? खानावळीतल्या साऱ्या बायकांचे तास एकोणतीस केले. आधी चौतीस होते. विमाही नाही आणि पाच तासांचा पगारही गेला. ज्या कायद्याने आपलं भलं करायचं म्हटलं त्याने पहिली चापट आपल्यालाच मारली, असं तिला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. राजधानीत बसून कायदे लिहिणाऱ्यांना खानावळीतल्या बाईचे तास कोण आणि कसे कापतं हे कळत नसेल, तर त्यांना लिहायला बसवलं कुणी? तो राग तिचा तेव्हाही होता आणि अजून आहे.

पण रागाने गाठ निघत नाही.

एप्रिलचा शेवटचा आठवडा तिचा फोनवर गेला. सरकारी मदतीच्या नंबरावर तासन् तास तीच धून वाजायची, मग एखादा गोड आवाज सांगायचा की नोंदणी नोव्हेंबरात उघडेल. "नोव्हेंबरात तो मेलेला असेल," ती म्हणाली. गोड आवाज म्हणाला, "आम्हाला वाईट वाटतं, आणखी काही मदत करू?" हॉस्पिटलने सांगितलं, गरजूंसाठी अर्ज आहे, तो भरा, दोन-अडीच महिन्यांत कळवू. तोवर शस्त्रक्रिया हवी असेल तर अर्धी रक्कम आधी. ती अर्धी रक्कम ऐकून नीवाने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि उठून चुलीवरचं दूध उतरवलं. गरिबांची सरकारी योजना व्हर्जिनियात पोरंबाळं नसलेल्या माणसाला मिळत नाही, मग तो किती का गरीब असेना.

शेवटी ती ट्रीसाकडे गेली. चर्चच्या तळघरात दवाखाना होता. दारात तिचे पाय अडखळले. या पोरीला सगळ्या गावाने हसून हाकललं होतं, आणि आपणही हसलो होतो.

"ये ना, नीवाकाकू," ट्रीसा म्हणाली. "मी तुझी वाटच बघत होते. बंबघराच्या बोर्डावर काकासाठी पैसे जमवायच्या जेवणाची सूचना लागलीय."

"बोल मला. काय बोलायचंय ते बोलून घे आधी."

"बोलून काय करू? काका माझा बंद पडलेला फोर्ड तीनदा फुकट दुरुस्त करून दिलाय." तिने खुर्ची पुढे ओढली. "काकू, एक दार आहे. कायद्यात आहे, चोरी नाही. माणूस कायमचा दुसऱ्या राज्यात राहायला गेला, तर त्याला मध्येच विमा घेता येतो. टेनेसीची हद्द आपल्यापासून अकरा मैलांवर आहे. पंधरा मेच्या आत तिकडे राहायला जाऊन सही केली, तर एक जूनपासून विमा लागू."

"अकरा मैल?"

"पण खरंच राहायला जावं लागेल. खोटा पत्ता दिला तर मी तुम्हाला मदत करणार नाही. घर सोडायचं, भाडेकरार करायचा, सामान हलवायचं."

नीवाने तो रस्ता डोळ्यांपुढे आणला. अकरा मैलांच्या अलीकडे तिचा नवरा मरणार होता आणि पलीकडे वाचणार होता. डोंगर तेच, ओढे तेच, मधे रस्त्यावर एक हिरवी पाटी. असला कायदा करणाऱ्यांच्या आणि त्याला हसणाऱ्यांच्या, दोघांच्याही कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तिने हद्दीपलीकडे एक भाड्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, बघितलं. दोन खोल्या, वाकडा नळ. डेल्मरला सांगितलं तर तो जेवणावरून उठला.

"हा डोंगर सोडून? पळून जाऊ?"

"वाचायला जाऊ."

"पलीकडे गेलो तर बंबघरातून नाव जाईल माझं. इथे राहणाऱ्याचंच नाव राहतं. तीस वर्षं आग विझवली मी इथली." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. "रॉइसने जेवण ठेवलंय दहा तारखेला. सगळा गाव येणार. बघ तू, आपली माणसं आपल्याला मरू देणार नाहीत."

नीवाने त्याचं अर्धं ताट झाकून ठेवलं. या जेवणांची तिला जेवढी माहिती होती तेवढी गावात कुणाला नव्हती. कुणी आजारी पडलं की बंबघरात जेवण ठेवायचं, हा इथला रिवाज. येईल त्याने डब्यात जमेल ते टाकायचं आणि पोटभर जेवायचं. मग बायकांनी केलेल्या केकचा लिलाव. आपली देणगी दिसू नये म्हणून लोक साध्या केकवर वेड्यासारखी बोली लावत. शेवटी आजारी माणसाने उठून आभार मानायचे. बावीस वर्षं त्या स्वयंपाकघराची कारभारीण नीवाच होती. तिने सतरा जणांसाठी जेवण रांधलं होतं. त्यांतल्या अकरा जणांच्या मयतीचं जेवणही तिनेच, त्याच चुलीवर रांधलं. हा हिशोब तिने याआधी कधी मांडला नव्हता. त्या आठवड्यात तो एकदम तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि हटेना.

दहा तारखेला, शनिवारी, चार वाजल्यापासून बंबघराबाहेर पिकअपची रांग लागली. बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. चिकन आणि डंपलिंग, डुकराच्या हाडासोबत शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव, आणि भिंतीलगत तेवीस केक. स्वयंपाकघरातल्या बायकांनी नीवाला आत येऊ दिलं नाही. "आज तू बस," त्या म्हणाल्या. बसायची तिला सवय नव्हती. मुख्य टेबलावर डेल्मरच्या शेजारी ती बसली खरी, पण ताटाकडे पाहवेना. डेल्मरचा सदरा गळ्याशी सैल झाला होता. येणारा जाणारा त्याचा खांदा दाबत होता. "काय रे म्हाताऱ्या, माझ्या गाडीचे ब्रेक कोण बघणार?" असं म्हणत लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. माणसं वाईट नव्हती. हेच तर तिला सहन होत नव्हतं.

लिलाव रॉइसने केला. सुक्या सफरचंदांच्या थरांचा केक त्याने कुणाला शिवू दिला नाही, बोली चढवत चढवत स्वतःच घेतला. टाळ्या झाल्या. नीवाने मनात बेरीज केली: डबा आणि लिलाव मिळून जमलं ते हॉस्पिटलच्या अर्ध्या रकमेच्या जवळपासही नव्हतं. मग त्याने माईक तोंडाशी नेला.

"मित्रांनो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, "ते तिकडे वर बसलेले म्हणतात, सरकारशिवाय तुमचं कसं होणार? त्यांना म्हणावं इथे या. हे बघा! कुणी सक्ती केली का? कुणी दंड लावला का? हा हॉल आपणहून भरलाय. आपण आपली माणसं सांभाळतो. नोव्हेंबरात डेल्मर याच जागी उभा राहून मर्दासारखा बोलला, आणि आज बघा, त्याला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. डेल्मर, ऊठ. दोन शब्द बोल."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. डेल्मर टेबलाला धरून उठायला लागला. त्याचा चेहरा नीवाने पाहिला. नोव्हेंबरातला तोच चेहरा, तीच मान ताठ. तो पुन्हा तेच बोलणार होता. आभार मानणार होता, आणि मग कुठेच जाणार नव्हता.

नीवाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उठली. माईक तिने मागितला नाही. बावीस वर्षं स्वयंपाकघरातून हाका मारून तिचा आवाज तयार झाला होता.

"आभार मी मानते," ती म्हणाली. "आधी मला एक सांगा. ज्यांच्याकडे आजारपणाचा विमा आहे त्यांनी हात वर करा."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी कसनुसं हसलं.

"चेष्टा नाही करत मी. सरकारी असो, पेन्शनीचा असो, नोकरीचा असो. करा वर."

आधी दाराजवळच्या म्हाताऱ्यांचे हात वर आले. पासष्टी ओलांडलेल्या सगळ्यांना सरकारच विमा देतं, आणि खाणीत फुप्फुसं गेलेल्यांना वेगळाच. मग शाळेतल्या दोन मास्तरणी. पोस्टातला एक. रस्तेखात्याचे तिघे. ज्यांच्या बायका जिल्हा कचेरीत कामाला होत्या ते. एकेक हात वर येत गेला, काही कानाच्या वर गेलेच नाहीत, पण वर आले. हॉलमध्ये दीडशे माणसं असतील. तीसेक हात खाली राहिले. ते कुणाचे, हे तिला न मोजताही माहीत होतं. गाड्या दुरुस्त करणारे, लाकूड तोडणारे, एकोणतीस तासवाल्या बायका.

"आणि तुझा, रॉइस?"

"नीवा, हे काय चाललंय? लोक प्रेमाने आलेत इथे."

"हात, रॉइस."

रॉइसने माईक खाली घेतला आणि दुसरा हात अर्धवट उचलला. "पोलिसातला आहे," तो म्हणाला. "ती माझी कमाई आहे. एकवीस वर्षं नोकरी केलीय मी."

"कमाई आहेच. मी कुठे नाही म्हणते? पण नोव्हेंबरात तू म्हणालास, आधी आजारी पडा, मग विमा घ्या. आणि आपलं विम्याचं कार्ड पाकिटात ठेवून घरी गेलास. हे टाळ्या वाजवणारे सगळे आपापली कार्डं घेऊन घरी गेले. मागे उरला हा येडा." तिने डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला. "याला वाटलं, तुम्ही सगळे याच्या बाजूला उभे आहात. अरे, तुम्ही तर छपराखाली उभे होतात! पावसात हा एकटाच!"

"असं नाही, नीवा. त्याला आम्ही मरू देणार आहोत का?"

"नाही. पण पुरणार मात्र झकास!" आता तिचा आवाज फाटला. "सतरा जेवणं रांधली मी इथे. त्यातले सहा जगले, रॉइस. सहा! बाकीच्यांनाही तुम्ही असेच प्रेमाने पोचवलंत, आणि मीही पोचवलं, आणि केकसुद्धा चांगले झाले होते. केकने गाठ निघत असती तर या डोंगरात कुणी मेलंच नसतं!"

मागे एका बाईने तोंडाला पदरासारखा ॲप्रन लावला. रॉइसचा चेहरा लालभडक झाला होता, आणि त्याला हात खाली घ्यावा की नाही हे कळत नव्हतं.

मग डेल्मर उठला. हळूहळू, पोटाशी हात धरून. तो रॉइसकडे बघत होता.

"तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस, डेल्मर."

"नाही विचारलं. मला वाटलं, जो बोलतो त्याचंही माझ्यासारखंच असणार." हॉलमधल्या हातांकडे त्याने एकदा नजर फिरवली. काहींनी ते घाईने खाली घेतले. "तुमचा दोष नाही. जीभ माझी होती. आणि जे दिलंत त्याबद्दल आभार. मनापासून." टोपी डोक्यावर घालून तो दाराकडे चालू लागला.

गाडीत बसल्यावर त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. नीवाने किल्ली लावली. तिला रडायचं होतं आणि त्याला दोन थोबाडीत द्यायच्याही होत्या. दोन्ही राहिलं. रॉइसला एवढ्या लोकांत बोलल्याचं तिला जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं. उलट अजून चार गोष्टी बोलायच्या राहून गेल्या असंच वाटत होतं.

"त्या ट्रेलरला ओसरी आहे का?" डेल्मरने विचारलं.

"नाही."

"मग बसायचं कुठे?"

"पायरीवर," नीवा म्हणाली आणि गाडी सुरू केली.

मंगळवारी सकाळी सामान भरायला तिने दोन भाचे बोलावले होते. आठ पिकअप आल्या. बंबघराची सगळी टोळी, आणि सर्वांत पुढे रॉइस. रॉइसने फ्रीज पाठीवर घेतला, एकट्याने, आणि पायऱ्या उतरताना त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. नीवा ओसरीवर उभी राहून बघत होती. हाच माणूस. याच पाठीवर तिचा फ्रीज, आणि याच तोंडातून तो विनोद. असल्या माणसावर धड चिडताही येत नाही आणि त्याला माफही करता येत नाही.

"नीवा," फ्रीज गाडीत चढवून तो घाम पुसत म्हणाला, "त्याचं नाव आम्ही यादीतून काढणार नाही. नियम गेला खड्ड्यात."

"काढ," ती म्हणाली. "नियमाने काढ. तिकडे कुणी तपासायला आलं आणि म्हणालं हा तर अजून व्हर्जिनियातलाच, तर माझा नवरा तुझ्या प्रेमापायी मरायचा. आजच काढ, आणि तसं पत्र लिहून माझ्या हातात दे."

रॉइसने मान खाली घातली. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने तिथल्या तिथे पत्र लिहिलं. सही करताना त्याचं नाक वाहत होतं.

बुधवारी दुपारी, मुदतीला एक दिवस उरला असताना, टेनेसीच्या बाजूच्या एका वाचनालयात ट्रीसा कॉम्प्युटर उघडून बसली होती. समोर भाडेकरार, विजेच्या जोडणीची पावती, रॉइसचं पत्र. डेल्मर खुर्चीत वाकून बसला होता. दुखत होतं, पण सांगत नव्हता. नीवाला आता त्याच्या न सांगण्याचा आवाज ओळखू यायला लागला होता. ट्रीसा प्रश्न वाचत गेली, तो उत्तरं देत गेला. जन्मतारीख. धंदा. तंबाखू. मग सहीची वेळ आली, म्हणजे एक बटण दाबायचं. वर लिहिलेलं सगळं खरं आहे आणि मी हे स्वेच्छेने करत आहे, असं सहीच्या रकान्यावर होतं. ट्रीसाने ते वाचून दाखवलं.

डेल्मरचं बोट थांबलं.

"स्वेच्छेने नाही," तो म्हणाला.

"काका, आता नको ना सुरू करू."

"खोटी सही मी आजवर केली नाही. लिही की, बायकोने सक्ती केली."

ट्रीसा हसली आणि तिने नीवाकडे पाहिलं. नीवा हसली नाही. पुढे होऊन तिने डेल्मरचं बोट धरलं, आणि जिथे ठेवायचं होतं तिथे नेऊन ठेवलं.

"लिही," ती म्हणाली. "आणि त्याच्या खाली लिही, उशिरा केली. नोव्हेंबरात करायला हवी होती, तेव्हा टाळ्या वाजवत बसली होती."